धंदा : निरंक

माझी नोकरी गेली, तेव्हा ती गेली आहे असं लिहून द्यायला कोणीच तयार नव्हतं.

ऑगस्ट २०१९ची गोष्ट. चाकणला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी डिस्पॅचला होतो. गाडीच्या पोटात कुठेतरी बसणारे, मालकाला जन्मात न दिसणारे ब्रॅकेट आम्ही बनवायचो. त्या वर्षी गाड्या खपेनात, म्हणून आमचे ब्रॅकेट खपेनात. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग कँटीनमधला शुक्रवारचा शिरा, मग ‘ब्लॉक क्लोजर’ नावाच्या बिनपगारी सुट्ट्या सुरू झाल्या. महिनाअखेरीला एचआरच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. नऊ वर्षांत त्यांनी मला कधी पाणीही विचारलं नव्हतं. कपाकडे बघूनच मी काय ते समजलो.

“थोडे दिवस घरी आराम करा,” साहेब म्हणाले, “ऑर्डर आली की फोन करतो.”

दिवाळी जवळ आली तरी फोन आला नाही. आला तो मेहुण्याचा. घरातल्या माणसाची नोकरी गेली की मेहुण्याच्या अंगात सरकारी योजना संचारतात. “दाजी, पगारातून तुमचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापायचे ना? मग तुम्हाला बेकारी भत्ता आहे! अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८च्या जुलैपासून चालू आहे, तुम्ही झोपलात कुठे?”

‘बीमित’ हा शब्द मी आधी ‘भयभीत’ असा वाचला. पुढे कळलं की वाचनात फारशी चूक नव्हती.

योजना साधी होती. दोन वर्षं विम्यात असायला हवं, शिवाय दर सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मग सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. मुंज एकदा, लग्न एकदा, तसा हा भत्ता एकदा. माझा पगार सोळा हजार. म्हणजे दिवसाला साधारण एकशेतेहतीस रुपये आणि ९० दिवसांचे बारा हजार.

“कधी मिळतात?” बायकोने विचारलं.

“बेकार होऊन तीन महिने झाल्यावर.”

“आणि तोवर?”

“तोवर बेकार राहायचं.”

आई देवापाशी वाती वळत होती. ती तिथूनच म्हणाली, “मग मधेच कुणी नोकरी दिली तर घेऊ नकोस हो. घाईत नुकसान व्हायचं.”

नोव्हेंबर संपता संपता फाइल घेऊन मी विम्याच्या शाखा कार्यालयात पोचलो. खिडकीतल्या मॅडम शांत होत्या. माझा दहा आकडी विमा नंबर टाकून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे.

“तुम्ही तर रजेवर आहात.”

“कुठे?”

“कंपनीत. सप्टेंबरपासून.”

झालं होतं ते असं. कंपनी दर महिन्याला सगळ्यांची वर्गणी ऑनलाइन भरते. ज्याचे कामाचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. एक म्हणजे रजेवर, दोन म्हणजे नोकरी सोडली, तीन म्हणजे निवृत्त, चार म्हणजे विम्याच्या मर्यादेबाहेर, पाच म्हणजे मयत. असं करत करत छाटणीचा नंबर दहावा. साहेबांनी इतकं खाली जायचे कष्ट न घेता माझ्यापुढे पहिलाच आकडा ठोकला होता. नऊ वर्षांत एकदा मी बहिणीच्या लग्नाला सलग चार दिवस रजा मागितली, तर याच माणसाने ती तीनवर आणली होती. आता तीन महिने रजा दिली होती, तीही न मागता.

“आकडा बदलून आणा,” मॅडम म्हणाल्या. “तो कंपनीनेच बदलायचा असतो. आणि हा दावाही कंपनीच्या मार्फतच पाठवायचा. त्यांची सही, शिक्का.”

तेव्हा नियम तसाच होता. ज्याने घराबाहेर काढलं त्याच्याकडेच जाऊन ‘मला बाहेर काढलंत एवढं लिहून द्या हो’ म्हणायचं. कोर्टकचेरी न करता असा काडीमोड मागायची वेळ आमच्या घराण्यात कुणावर आली नव्हती.

गेटवरचा सिक्युरिटी ओळखीचा. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याने नऊ वर्षं खाल्ली. पण हातात रजिस्टर आलं की तो कुणाचा नसतो. “नाव? कोणाला भेटायचं? कामाचं स्वरूप?” कामाचं स्वरूप या रकान्यात मी ‘नाही’ असं लिहिलं. त्याने ते खोडून ‘वैयक्तिक’ केलं आणि माझ्या गळ्यात व्हिजिटरचा पास अडकवला.

साहेबांनी या वेळी चहा मागवला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

“छाटणी लिहिता यायचं नाही. छाटणी म्हटलं की महिन्याची नोटीस आली, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आला. नऊ वर्षांचा हिशेब करा. मालक मलाच दहा नंबरात टाकतील.”

“मग काय लिहिता?”

“नोकरी सोडली. दोन नंबर. सुटसुटीत.”

“पण सर, मी सोडली नाही.”

“मग काय झालं?”

इथे मी अडकलो. मराठीत नोकरी लागते, टिकते, सुटते, जाते. सगळं तीच करते, माणूस नुसता बाजूला उभा असतो. ‘नोकरी गेली’ म्हणताना आपण असं म्हणतो की जशी काही तीच पदर खोचून निघाली आणि आपण दारात हात हलवत होतो. ती घालवली कुणी, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. ही सोय ज्याने केली, तो नक्कीच एचआरमध्ये असणार.

“बरं, पाच नंबर टाकू का?” साहेब विनोदाने म्हणाले. मी हसलो. गरजवंताला हसावंच लागतं. शेवटी दोन नंबरावर तडजोड झाली. गैरवर्तनाची शिक्षा, निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांपैकी काही नसलं म्हणजे योजनेत बसतं, आणि तसं ते पत्रात लिहून देणार होते. पत्र मिळायला पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला शिक्का घरी राहिला होता, दुसऱ्या खेपेला साहेब. तिसऱ्या वेळी शिक्का होता पण शाई वाळलेली. चौथ्या वेळी पत्र मिळालं आणि त्यात माझ्या जागी पेंट शॉपमधल्या कुणाचंतरी नाव निघालं. त्या गृहस्थाला ते बघून घाम फुटला असता, कारण तो अजून कामावर होता.

त्यानंतर प्रतिज्ञापत्र. एबी-१ ते एबी-४ असे नमुने वेबसाइटवरून छापून घ्यायचे आणि वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, आपण बेकार असल्याची शपथ घ्यायची. वीस रुपयांचा स्टॅम्पपेपर मागितल्यावर कोर्टाबाहेरचा विक्रेता माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी चार आण्याची भेळ मागितली.

“शंभरचा घ्या.”

“वीसचा सांगितलाय.”

“शंभरमध्ये पाच वेळा वीस येतात की.”

या गणिताला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेजारच्या टपरीत टायपिस्टने कॉम्प्युटर उघडला. त्याच्याकडे प्रतिज्ञापत्राचा एक सनातन नमुना होता आणि त्यात तो नावं बदलायचा. दोन मिनिटांत कागद तयार झाला, नोटरींनी मान वर न करता शिक्का मारला, मी पैसे दिले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पहिलीच ओळ वाचून कागद परत सरकवला.

“मी, खाली सही करणार, वय ४१, धंदा : नोकरी, राहणार चिंचवड, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी सध्या बेरोजगार आहे.”

“यातलं खरं कोणतं धरू?” मॅडमनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरी अडचण होती.

परत टपरी. टायपिस्ट म्हणाला, “धंद्याची जागा रिकामी ठेवता येत नाही हो. रिकामी ठेवली तर कुणीही काहीही भरेल. शेती लिहू?”

“शेती नाही.”

“घरकाम?”

तसं मी करत होतो. तीन महिन्यांत भांड्यांचा आवाज न करता घासायला शिकलो होतो. पण शपथेवर ते लिहायचं धाडस झालं नाही. मागे रांगेत एक वयस्कर गृहस्थ होते, जन्म सरकारी कचेरीत गेलेला असावा. ते म्हणाले, “निरंक लिहा.” टायपिस्टचा चेहरा उजळला. धंदा : निरंक. नाही म्हणायचं, पण ते रकाना भरून म्हणायचं, यासाठी सरकारदरबारी किती देखणा शब्द आहे! मला तो इतका आवडला की घरी बायकोने “आज काही कळलं का?” विचारलं तर मी “निरंक” म्हणालो. दुसऱ्यांदा म्हटल्यावर तिने लाटणं खाली ठेवलं.

आता नावाचं राहिलं. आधार कार्डावर आधी मी, मग वडील, मग आडनाव. विम्याच्या पहचान कार्डावर आडनाव पुढे धावलेलं आणि वडील शेवटी. बँकेत वडिलांचं एकच इंग्रजी अक्षर उरलेलं, आणि आडनावात एक ‘ए’ जादा. तीन कागदांवर तीन माणसं. तिघांपैकी एकालाही नोकरी नव्हती, एवढंच त्यांच्यात समान. त्यासाठी आणखी एक प्रतिज्ञापत्र, की हे तिघे म्हणजे मीच. म्हणजे पुन्हा शंभराचा स्टॅम्प, पुन्हा नोटरी, पुन्हा तीच टपरी. टायपिस्ट आता मला बसायला स्टूल द्यायचा. स्वतः जेवायला गेला की “जरा बघा हं” म्हणून गल्ला माझ्यावर सोपवायचा. एकदा मी त्याच्यामागे दोन उत्पन्नाच्या दाखल्यांचे फॉर्म भरून दिले, तर त्याने मला वीस रुपये देऊ केले. मी हात मागे घेतला. दिवसाला वीस रुपये मिळवणारा माणूस शपथेवर निरंक कसा राहील?

खर्चाची बाजू मी डायरीच्या मागच्या पानावर लिहीत होतो. स्टॅम्पपेपर तीन, नोटरी तीन वेळा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, चाकणच्या पाच खेपांचं पेट्रोल. बायकोने एकदा ते पान पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हा भत्ता आपल्याला परवडेल ना?”

मार्च २०२०च्या पहिल्या पंधरवड्यात पैसे खात्यात जमा झाले. मेसेज आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मेहुण्याने फोनवर श्रेय घेतलं. मी ठरवलं होतं की यातून आधी स्कूटरचे टायर बदलायचे, कारण ते याच पैशांपायी झिजले होते. तेवढ्यात सगळा देशच घरी बसला. पहिल्यांदाच सकाळी दहाला गॅलरीत उभं राहायची मला लाज वाटली नाही, कारण समोरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या.

ऑगस्टमध्ये मेहुण्याचा फोन. “दाजी, ऐकलं का? भत्ता पन्नास टक्के केला! तीन महिने थांबायचं नाही, तीस दिवसांत. कंपनीकडे सुद्धा जायचं नाही, दावा थेट द्यायचा. २४ मार्चनंतर ज्यांची नोकरी गेली त्यांना.”

“माझी आदल्या ऑगस्टमध्ये गेली.”

“तेच ना,” तो हळहळला, “तुम्ही घाई केलीत.”

त्या महिन्यात सोसायटीतले तीन जण फॉर्म विचारायला घरी आले. तिघांनाही माझ्यापेक्षा दुप्पट दराने मिळणार होतं. मी त्यांना जिन्यात उभं राहून, मास्क लावून, नावातले ‘ए’ मोजायला शिकवलं. बायको आतून म्हणायची, “तुमची नोकरी तेवढी नेमकी वेळेच्या आधी गेली. बाकी कुठे वेळेवर जाता?”

सप्टेंबरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ओळखीचा होता, फक्त त्यातला केबिनचा घुमारा नव्हता.

“मी बोलतोय. एचआरमधून... म्हणजे, एचआरमध्ये होतो. जूनपासून घरीच आहे. तुम्ही तो ईएसआयचा फॉर्म भरला होता ना? कसा भरायचा?”

मला खोटं बोलवणार नाही, एक क्षण फार गोड गेला. मग विचारलं, “सर, पगार किती होता तुमचा?”

“अठ्ठावीस.”

“मग तुम्हाला नाही मिळायचा. ईएसआय एकवीस हजारांपर्यंतच. तुम्ही चार नंबरात. मर्यादेबाहेर.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग कुकरची शिट्टी झाली. त्यांच्याकडेही दुपारचा कुकर आता तेच लावत असावेत.

“सर, पीएफ आहे ना? तो काढा.”

“भरला होता दावा. नाकारला. म्हणे, नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. त्यांच्या लेखी मी अजून कामावर आहे.”

“मग कंपनीला सांगा, टाका म्हणावं. तारखा कोण टाकतं तिथे?”

“मीच टाकायचो.”

मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी टायपिस्टच्या टपरीवर बोलावलं. येताना आधारच्या तीन झेरॉक्स आणा म्हटलं, आणि चहा माझ्याकडून.