आधार ‘रद्द’ करायला रांग लावू नका
सोलापुरात विडी घरकुल भागात मेसेज फिरतोय: ‘तुमच्या आधारवर दुसरीनेच लाडकी बहीणचे १५०० उचलले, तर आधार रद्द करून नवा नंबर घ्या.’ साफ चूक. आधार नंबर आयुष्यभर एकच.

पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यात. म्हणून आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग’, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे, ते बघा. अनोळखी बँकेचं नाव दिसलं, की गडबड तिथेच. आपल्या बँकेत अर्ज देऊन स्वतःचं खातं जोडा, बायोमेट्रिक (आधारमधली अंगठा-डोळ्यांची ओळख) लॉक करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार, महिला व बालविकास कार्यालयात लेखी अर्ज. पोच शिक्क्यासकट घ्या. तोंडी ‘बघतो की’ला काही अर्थ नाही. ‘रद्द करून देतो’ म्हणत अंगठा मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.