‘आम्ही डोळ्यांनी पाहिलंय’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मालक, नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या एका माजी आमदारांच्या विकिपीडिया पानावर चाललेल्या ओढाताणीबद्दल मी लिहिलं, ते तुम्हाला झोंबलं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचं सार सांगतो. साहेबांनी पाण्याची आणि रस्त्यांची कामं केली, ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, तरी ‘संदर्भ नाही’ म्हणून ती पानावरून उडवली गेली. गुन्ह्यांचा परिच्छेद मात्र जागेवर राहिला. सोलापूरच्या माणसाचं आयुष्य नाव-गाव नसलेल्या लोकांनी का ठरवायचं, असा तुमचा सवाल आहे. जाता जाता मला ‘संपादकांचा वकील’ म्हणालात, आणि तुम्ही साहेबांच्या कार्यालयात बसता हेही मोकळेपणानं सांगितलंत. या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येतो, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

आधी पाण्याचं. ‘उजनीचं पाणी साहेबांनी सोलापुरात आणलं’ हे वाक्य पानावर सारखं येत होतं आणि सारखं जात होतं. नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे सोलापूरकराला सांगायला नको, त्यामुळे हे श्रेय प्रत्येकालाच हवं असतं. पण अशा योजनेत राज्य सरकारची मंजुरी असते, केंद्राचा निधी असतो, महापालिकेचे ठराव असतात, आणि मध्ये दोन-तीन सरकारंही बदललेली असतात. ‘आणलं’ या क्रियापदाचा कर्ता एकच माणूस कसा होईल? साहेबांनी अमुक तारखेला विधानसभेत प्रश्न विचारला, अमुक बैठकीत मागणी केली, असं लिहा. कार्यवाहीत किंवा बातमीत ते असेल तर ते वाक्य कुणी हलवू शकणार नाही. ‘पाठपुराव्याला यश’ ही फलकाची भाषा आहे. तिथे ती शोभते. ९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा विमान उडालं तेव्हा श्रेयासाठी किती हात पुढे आले ते तुम्हीही पाहिलंत. त्या सगळ्यांच्या पानांवर ‘विमानसेवा आणली’ लिहायचं ठरवलं, तर एका विमानाला तेवढे जनक मिळतील.

‘आम्ही पाहिलंय’ यावर माझा अविश्वास नाही. तुम्ही पाहिलं असेलच. पण वाचणारा नांदेडचा किंवा नाशिकचा असतो, त्यानं तुम्हालाही पाहिलेलं नाही. त्याला पडताळता येईल तेवढंच तिथे राहतं. विरोधी गटातल्या पोरांनीही ‘आम्ही पाहिलंय’ म्हणूनच साहेबांबद्दल दोन गलिच्छ ओळी टाकल्या होत्या. त्या उडाल्या त्याच नियमानं, आणि तुमच्या ओळींपेक्षा लवकर उडाल्या. हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही.

हा नियम एवढा कडक का, त्यालाही कारण आहे. २००५ मध्ये जॉन सीगेनथॉलर नावाच्या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांच्यावर संशय होता. साफ खोटं. हा गृहस्थ रॉबर्ट केनेडींचा एकेकाळचा सहकारी. तरी ते वाक्य मे महिन्यापासून चार महिने तसंच राहिलं. त्यातून बोभाटा झाला आणि पुढे हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं धोरण आलं: वादग्रस्त मजकुराला भक्कम आधार नसेल तर चर्चेची वाट न बघता काढायचा. साहेबांवरच्या त्या दोन ओळी याच धोरणानं गेल्या.

आता गुन्ह्यांचा परिच्छेद. इथे तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं तुम्ही नीट मांडलं नाहीत म्हणून मीच मांडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात प्रलंबित खटले द्यावे लागतात. ते कागद बघून कुणीतरी पानावर नुसता आकडा टाकतो, ‘इतके गुन्हे’. आपल्याकडे रास्ता रोको केला, जमावबंदीत मोर्चा काढला, की भारतीय दंड संहितेचं कलम १४३, ३४१, १८८ लागायचं. ऊसदरासाठी रस्त्यावर बसलेला कार्यकर्ता आणि फसवणुकीचा आरोपी एकाच आकड्यात घालणं ही लबाडी आहे. तसा नुसता आकडा काढायलाच हवा, आणि तो काढण्यासाठी नियम तुमच्याच बाजूनं आहे. हयात व्यक्तीबद्दल थेट न्यायालयीन कागदांतून वेचून लिहायचं नसतं, विश्वासार्ह वृत्तपत्रांनी दखल घेतलेली असावी लागते. पण तुम्ही काय केलंत? आकड्याबरोबर ते एक प्रकरणही पुसलंत, ज्यावर सगळ्या दैनिकांनी सविस्तर लिहिलं होतं. ते राहणार. त्यात ‘आरोप आहे’ असंच लिहिलंय, ‘दोषी’ असं कुठेही नाही. साहेबांचा खुलासा छापून आला असेल तर तोही तिथेच यायला हवा.

दोन बाजू एकाच पानावर कशा नांदतात याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी. महापालिकेनं ती १५ जून २०२३ ला पाडली. निम्म्या गावानं ‘विमानाचा अडथळा गेला’ म्हटलं, निम्म्या गावानं ‘शेतकऱ्यांच्या कारखान्यावर अन्याय’. विश्वकोशानं यातली एक बाजू घ्यायची नाही. पाडली ही घटना, तारखेसह. कोण काय म्हणालं ते त्याच्या-त्याच्या तोंडी. चहाच्या टपरीवर मला कुणी विचारलं तर मी माझं मत सांगेन, तासभर सांगेन, पण पानावर ते एका ओळीतही येणार नाही.

प्रेमापोटी केलेली वाढवावाढवीही तेवढीच घातक. गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुखांएवढा आदर या जिल्ह्यात फार थोड्यांना मिळाला. सांगोल्यातून ११ वेळा आमदार, पहिल्यांदा १९६२ मध्ये. त्यांच्याबद्दल ‘सलग ११ वेळा’ आणि ‘देशातला विक्रम’ अशी वाक्यं व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. सलग नव्हे, १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले होते. देशातही नव्हे, केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. आबासाहेब यानं लहान होतात का? उलट दोनदा पडून पुन्हा उभं राहिलेला माणूस मला मोठा वाटतो. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले, केंद्रीय गृहमंत्री झाले, तसेच २००२ ची उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि २०१४, २०१९ ची सोलापूर लोकसभाही हरले. पान हे सगळं मिळून होतं. तुमच्या मजकुरात साहेब एकही निवडणूक हरलेले नाहीत. आपण दोघंही इथलेच आहोत, मालक.

‘परके लोक का ठरवणार’ यावर थोडक्यात. ठरवत कुणीच नाही. प्रत्येक बदल इतिहासाच्या टॅबमध्ये वेळेसह राहतो आणि चर्चापान सगळ्यांना खुलं असतं. चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं, तर इंग्रजी विकिपीडियावर बंदी येऊ शकते, मग तुम्ही सोलापूरचे असा की सिएटलचे. तुमच्या बाजूनं आणि विरोधकांच्या बाजूनं तेच झालं, म्हणून पानाला कुलूप लागलं, म्हणजे ते संपादनासाठी बंद झालं. चर्चापानावर तोवर दोघांपैकी कुणीही एक अक्षर लिहिलं नव्हतं.

आणि आता कार्यालय. २००६ मध्ये अमेरिकेत मार्टी मीहान या खासदाराच्या कर्मचाऱ्यांचा उद्योग उघड झाला होता. मीहान यांच्या पानावरचा मजकूर काढून त्यांनी कार्यालयात लिहिलेलं चरित्र चिकटवलं होतं. ‘चारच वेळा लढेन’ हे मोडलेलं वचन त्यातून गायब होतं. झालं काय? ज्यांना ते वचन आठवतही नव्हतं त्यांनाही बातमीतून कळलं. २०१५ मध्ये नेहरूंच्या पूर्वजांबद्दलचा खोटा मजकूर टाकणारा आयपी पत्ता सरकारी नेटवर्कचा निघाला, तोही असाच इतिहासाच्या टॅबमधून. पुसलेलं तिथे जास्त ठळक दिसतं. तुम्ही पगारी असाल तर विकिमीडियाच्या वापर-अटींनुसार २०१४ पासून ते जाहीर करणं बंधनकारक आहे. पगारी नसाल तरी पानाला थेट हात न लावता चर्चापानावर विनंती करणं उत्तम.

एका गोष्टीत तुमच्याशी वाद नाही. आपल्या जिल्ह्यातलं जुनं काम नेटवर सापडत नाही आणि त्यामुळे आपली माणसं मुंबईवाल्यांपेक्षा पातळ दिसतात. पण संदर्भ नेटवरच हवा असा नियमच नाही. ‘संचार’चा किंवा दुसऱ्या दैनिकाचा जुना अंक चालतो. नाव, तारीख, पान क्रमांक, बातमीचा मथळा एवढं पुरतं. तुम्ही लिहिलंय की कार्यालयात कात्रणांच्या फायली आहेत. त्या उघडा. वाढदिवसाच्या पुरवण्या बाजूला काढा, त्या जाहिराती आहेत. प्रेसनोट जशीच्या तशी छापलेली असेल तर तीही बाजूला, ती ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही, लिहिलेली तुमच्याच कार्यालयानं असते. उरलेल्या बातम्यांमधून दहा निघाल्या तरी आजच्यापेक्षा चांगलं पान होईल. त्यांचे तपशील चर्चापानावर टाका. कुलूप निघेपर्यंत मीही तिथे असेन, आणि टिकणाऱ्या वाक्यांना पाठिंबा देईन.

तेवढं करण्याआधी खात्याचं नाव बदला. ‘साहेब जनसंपर्क कार्यालय’ या नावाचं खातं तिथे बंद होतं, कारण खातं एका माणसाचं असावं लागतं, कार्यालयाचं नाही.