हॅरिसन तेव्हा तीन वर्षांचा होता

एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचं सार असं: बीटल्स या इंग्लिश रॉक बँडमुळे सतारवादक रविशंकरांचं नाव झालं, त्या नावावर त्यांनी सिनेमे मिळवले आणि तिथे रागदारी पातळ करून विकली. वर शेरा आहेच, की शास्त्रीयवाल्यांना चाल कुठे बांधता येते, सतार छेडली की झालं पार्श्वसंगीत!

आधी तारखा बघू. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन त्यांना भेटला १९६६ मध्ये. त्यांनी संगीत दिलेले ‘नीचा नगर’ आणि ‘धरती के लाल’ हे दोन्ही चित्रपट १९४६ चे. रविशंकर तेव्हा २६ वर्षांचे, आणि हॅरिसन तीन! ‘धरती के लाल’ तर बंगालच्या दुष्काळावरचा, इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी काढलेला. तिथे पैसा करायला कोण जाईल? त्यांच्याच ‘काबुलीवाला’च्या संगीताचा बर्लिन महोत्सवात गौरव झाला, तोही १९५७ मध्ये.

आता ‘नुसती सतार’. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पुन्हा बघा, संगीत रविशंकरांचंच. हरिहर गावाहून परततो, मुलगी दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हाती देतो. दुर्गा गेलीय, हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया कोसळते, पण तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येतच नाही. त्या जागी येतात तारशहनाईचे, म्हणजे गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचे, चढे, चिरत जाणारे सूर, पटदीप रागातले. वाजवणारे दक्षिणामोहन टागोर. सतारीच्या बादशहाने नेमक्या त्या क्षणी सतार बाजूला ठेवलीय. आणि ही कामगिरी कशी, तर पूर्ण चित्रपट न पाहता, एका रात्रीच्या ध्वनिमुद्रणात. मला यात मैहरला गुरू अल्लाउद्दीन खाँकडे घेतलेल्या तालमीइतकाच थोरले भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यपथकाचा हात दिसतो. समोरच्या हालचालीला सूर कसा द्यायचा, हे रविशंकरांनी पोरवयातच त्या पथकात रंगमंचावर पाहिलं होतं.

चाली बांधता येत नव्हत्या म्हणणाऱ्यांनी ‘अनुराधा’ (१९६०) ऐकावा. शैलेंद्रचे शब्द, लताबाईंचा आवाज. ‘हाये रे वो दिन’ जनसंमोहिनी रागात आहे. मूळचा कर्नाटक पद्धतीतला हा राग तेव्हा उत्तरेत किती जणांनी ऐकला होता? तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल मावत नाही, हे कबूल. पण अनोळखी राग घराघरांत गुणगुणला जाणं, याला पातळ करणं म्हणायचं तर म्हणा बापडे.

एक मान्य करतो. त्यांचे चित्रपट मोजकेच. सत्यजित राय यांनीही ‘तीन कन्या’पासून (१९६१) स्वतःच संगीत द्यायला घेतलं. मैफलींच्या दौऱ्यांवर असणारा कलावंत दिग्दर्शकाला हवा तेव्हा सापडत नाही, ही अडचण खरीच होती. ‘गांधी’चं (१९८२) काम मिळताना पश्चिमेतली कीर्तीही उपयोगी पडली असेल.

मात्र बीटल्सनंतरचा त्यांचा एक हिंदी चित्रपट बघा, गुलजारांचा ‘मीरा’ (१९७९). त्यात वाणी जयराम गातात ती मीरेची भजनं.