स्थिरतेत सुधारणा

माझं कॉम्प्युटरचं मशीन तीन वर्षं बिनतक्रार चाललं होतं, आणि तेच मला बघवेना. मदरबोर्डासाठी बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होऊन मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, नवं अपडेट आलं होतं. त्यात नवीन काय, तर एकच ओळ: 'सिस्टीमच्या स्थिरतेत सुधारणा'. माझी सिस्टीम इतकी स्थिर होती की तिच्यावर धूळसुद्धा निवांत बसली होती. पण 'सुधारणा' हा शब्द वाचला की आपल्याजवळचं सगळं एकदम मागासलेलं वाटू लागतं.

या मशीनमध्ये तीन ग्राफिक्स कार्डं आहेत. दोन थेट बोर्डावर बसलेली. त्या दोघांच्या अंगापिंडापुढे तिसऱ्याला जागाच उरली नाही, म्हणून ते रायझर केबल नावाच्या चपट्या पट्ट्याच्या टोकाला उभं टांगलंय. तीन कार्डं म्हटलं की लोक विचारतात, "गेम खेळता?" मी थ्रीडी ॲनिमेशनचं रेंडरिंग करतो, म्हणजे सीनचं गणित करून त्याची चित्रं काढून घेतो. थोडं जास्त कळणारे विचारतात, "पण कार्डं जोडायचं युग संपलं ना?" संपलंच. १९९८ साली वूडू-२ या कार्डाची जोडी पडद्यावरच्या ओळी एकाआड एक वाटून घ्यायची, त्याला म्हणायचे एसएलआय. २००४ मध्ये एनव्हिडिया या कार्डांच्या कंपनीने तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने परत आणली. आणि १ जानेवारी २०२१ पासून ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नवी एसएलआय प्रोफाइलं, म्हणजे जोडणीची तयार सेटिंगं, घालणंही थांबवलं. रेंडरिंगला मात्र कार्डांचं आपसात जमावं लागत नाही. प्रत्येकाने आपल्या वाटणीचं काम ओढायचं. फक्त मेमरीची बेरीज होत नाही. प्रत्येकी १२ जीबी असली तर मिळून ३६ होत नाहीत, सीन प्रत्येकाच्या १२ मध्येच मावला पाहिजे. चूल एक, खिसे तीन.

तर अपडेट. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केला, फाइल टाकली, बटण दाबलं. 'वीज बंद करू नका' अशी पाटी झळकली आणि पट्टी सरकू लागली. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. शंभर टक्के झाले, मशीन आपणहून बंद पडलं, चालू झालं, पंखे गरगरले, आणि पडदा काळाच राहिला.

बोर्डावर चार बारके दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला व्हीजीएचा, म्हणजे ग्राफिक्सचा, पेटून राहिला होता. मी भाच्याला फोन लावला. या विषयातलं त्याला कळतं आणि मला त्याचा नंबर माहीत आहे, अशी आमची कामाची वाटणी आहे.

"मामा, काही बिघडलं होतं का?"

"नाही."

"मग अपडेट कशाला केलंस?"

"स्थिरतेसाठी."

फोनवर जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "अपडेटने सगळी सेटिंगं मूळपदावर जातात. आधीच्या सेटिंगचे फोटो काढले होतेस ना?" या वेळी गप्प बसायची पाळी माझी होती.

"बरं, सीएमओएस क्लिअर कर."

म्हणजे बोर्डावरचा सीआर-२०३२ हा बटणासारखा सेल काढायचा आणि जरा वेळाने परत बसवायचा, म्हणजे बोर्ड सगळं विसरतो. ज्याचं सगळंच आधी विसरून झालंय त्याला आणखी काय विसरायला लावायचं, हे मी विचारलं नाही. सेल होता पहिल्या कार्डाच्या बरोबर पोटाखाली. म्हणजे कार्ड काढणं आलं. कार्ड स्लॉटमध्ये ज्या खिटीने अडकतं ती खिटी कार्डाच्याच आड लपलेली असते. बोट तिथे पोचत नाही. दिसतही नाही. पेन्सिल आत घालून अंदाजाने दाबायची, आणि 'टक' झालं तर खिटी सुटली की तुटली हे कळेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. मी पेन्सिल तोंडात धरली, टॉर्च मानेत अडकवला, आणि कार्ड काढलं. मग सेल. मग परत कार्ड. पडदा काळाच. मग दुसरं कार्ड काढलं. काळाच. दीड तास मी हा उद्योग केला.

"मामा, मॉनिटरची वायर कशात आहे?"

"ग्राफिक्स कार्डात. आणखी कशात असणार?"

"बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये लावून बघ."

लावली, तर बायोसचा पडदा लख्ख समोर. पहिलं चित्र कोणी दाखवायचं ते काम अपडेटनंतर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे गेलं होतं. दीड तास चित्र मागच्या दाराने येऊन उभं होतं, आणि मी पुढच्या दाराच्या बिजागऱ्या काढत होतो. काखेत कळसा म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांना निदान वळसा घालताना पेन्सिल चावावी लागली नव्हती.

विंडोजने दारातच अडवलं. टीपीएम या सुरक्षेच्या चिपमध्ये बदल झालाय, तेव्हा तुम्हीच तुम्ही कशावरून? ४८ अंकी रिकव्हरी की द्या. ती सापडली. कशी ते सांगत नाही, त्यात माझी शोभा नाही.

आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडलं. दोन कार्डं शहाण्यासारखी बसलेली, तिसऱ्यावर पिवळा त्रिकोण. कोड १२. अर्थ असा, की या उपकरणाला वापरण्यापुरती मोकळी साधनं सापडत नाहीत. मी याचा अर्थ 'ड्रायव्हर बिघडला' असा लावला, कारण ड्रायव्हर मला काढता येतो. सेफ मोडमध्ये जाऊन तो मुळासकट उपटला, नवा टाकला. कोड १२. जुना टाकला. कोड १२. साप साप म्हणून भुई धोपटणं याहून वेगळं काय असतं मला माहीत नाही, फक्त इथे भुई तीनदा रीस्टार्ट झाली.

"मामा, फोर-जी ऑन आहे का?"

मी कानाचा फोन डोळ्यांसमोर धरून बघितलं. "फाइव्ह-जी दाखवतोय."

"फोनचं नाही रे! अबव्ह फोर-जी डीकोडिंग. बायोसमध्ये."

प्रकरण पत्त्यांचं होतं. प्रोसेसरला कार्डाशी बोलायचं तर कार्डाला पत्त्यांचा एक पट्टा नेमून द्यावा लागतो, साधारणपणे २५६ एमबीचा तरी. जुन्या ३२ बिटी हिशोबात सगळे मिळून पत्ते ४ जीबी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. ऐकायला भरपूर, पण त्यातच रॅमही दाटीवाटीने बसायची, बाकीची उपकरणंही. दोन कार्डांना प्लॉट मिळाले आणि तिसरं आलं तेव्हा वाटप संपलं होतं. हे सेटिंग चालू केलं की ४ जीबीच्या पलीकडचं माळरान खुलं होतं. त्याआधी सीएसएम बंद करावं लागलं. जुन्या काळच्या वस्तूंशी जमवून घेणारी ही सोय अपडेटने माझ्या परस्पर परत चालू करून ठेवली होती. दोन्ही केलं आणि तिन्ही कार्डं हजर! मी उठून येरझारा घातल्या. मोठी माणसं घालतात तशा.

रेंडर लावला. चौथ्या मिनिटाला पडदा थिजला. परत चालू केल्यावर तिसरं कार्ड कोड ४३ दाखवत होतं. इथे विंडोज एवढंच सांगते, की उपकरणाने अडचण कळवल्यामुळे ते थांबवलंय. कोणती अडचण, ते त्या दोघांतच राहतं.

मी पॉवर सप्लायवर संशय घेतला. मग कार्डावर. मग घरातल्या वायरिंगवर. शेवटी टांगलेल्या कार्डाकडे बघत बसलो असता रायझरच्या पट्ट्यावर छापलेले दोन आकडे दिसले: ३.०, म्हणजे कार्ड आणि बोर्ड ज्या पीसीआय-एक्सप्रेसने जोडतात तिची तिसरी पिढी. बोर्ड ४.० चा, कार्ड ४.० चं, आणि मध्ये निरोप पोचवणारा हा पट्टा मात्र ३.० चा. एका लेनवर, म्हणजे डेटाच्या एका वाटेवर, सेकंदाला ८ अब्ज ट्रान्सफर एवढी त्याची ताकद, आणि ऑटोवर गेलेला बोर्ड त्याच्याकडून १६ अब्ज पळवून घेत होता. बिचारा चार मिनिटं धावला हेच खूप. त्या स्लॉटला हाताने जेन-३ लावलं, आणि तो तेव्हापासून कुरकुरला नाही. रेंडरिंगमध्ये सीन एकदा कार्डात चढला की पट्ट्यावर फारशी ये-जा नसते, त्यामुळे वेगातही काही फरक जाणवला नाही.

जाता जाता हेही कळलं, की ३६०० च्या वेगाची माझी रॅम इतका वेळ २१३३ वर रांगत होती आणि पंखे मात्र विमान उडवायच्या तयारीत होते. तेही परत लावलं.

पहाट झाली होती. या वेळी मी शहाणपणा केला. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढला आणि ते ठेवायला 'बायोस' नावाचा अल्बम करायला घेतला. फोन म्हणाला, या नावाचा अल्बम आधीच आहे.

आत अकरा फोटो होते, तीन वर्षांपूर्वीचे. दोनांत माझा अंगठा. एकात फोर-जीच्या ओळीवर नेमका फ्लॅशचा पांढरा गोळा. जेन-३ चं पान स्वच्छ वाचता येत होतं. शेवटच्या फोटोत पडदा बंद आहे, आणि त्या काळ्या काचेत मी दिसतोय: मान वाकडी करून टॉर्च धरलेला, आणि तोंडात पेन्सिल.