उमरची दोन ओळखपत्रं

साताऱ्याहून दादाचा फोन आला की इराकचा विषय निघतोच. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, दक्षिण इराकमधल्या बसऱ्याजवळ उतरलेल्या इंग्रजांच्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. तिथल्या कूत शहराच्या वेढ्यानंतर त्यातले कितीतरी जवान तुर्कांच्या कैदेत गेले. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या घरांना बगदाद हे नाव परकं नाही.

दादाचं मत ठाम आहे. 'शिया-सुन्नी चौदाशे वर्षं भांडतायत, तिथे सद्दामच लागतो.' पुतण्या म्हणतो, 'शिया, सुन्नी, कुर्द असे तीन तुकडे करा आणि सोडा.'

मी अमेरिकेत डिअरबॉर्नला राहते. आमच्या गल्लीत १९९१ चा उठाव सद्दामने चिरडल्यावर दक्षिण इराकमधून पळून आलेली घरं आहेत. दादाचं वाक्य मला त्यांच्यासमोर उच्चारताही येणार नाही. तीन तुकड्यांचं म्हणाल तर शेजारच्या बाई बगदादच्या. वडील सुन्नी, आई शिया, धाकटा भाऊ उमर. फेब्रुवारी २००६ मध्ये सामर्‍याच्या अस्करी दर्ग्यात, शियांच्या पवित्र स्थानात, स्फोट झाला आणि नाक्यानाक्यावर ओळखपत्रावरचं नाव वाचून माणसं मारली जाऊ लागली. उमर हे सुन्नी नाव. त्याने वेगळ्या नावाचं दुसरं ओळखपत्र करून घेतलं. कुठल्या मोहल्ल्यात कुठलं काढायचं हे तो पाठ करून निघायचा. हे घर कुठल्या तुकड्यात घालणार?

ही फाळणी जुन्या वैरातून आपोआप उगवलेली नाही. जुलै २००३ मध्ये अमेरिकेने नेमलेल्या शासक मंडळात २५ जण होते: १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, एक तुर्कमेन, एक असिरियन ख्रिस्ती. कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीससुद्धा त्यात शिया म्हणून मोजला गेला! इराकी याला मुहासासा म्हणतात, म्हणजे वाटप. राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी, असं २००५ च्या राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही, तरी रिवाज मोडत नाही. खाती पक्षांना मिळतात, पक्ष आपली माणसं भरतात, आणि ज्या समाजाच्या नावाने हे चालतं त्याच्या, म्हणजे शियांच्या, बसऱ्यात नळाला खारं पाणी येतं.

म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बगदादच्या तहरीर चौकात आणि दक्षिणेतल्या नासिरिया शहरात 'आम्हाला वतन हवं', म्हणजे आपला देश हवा, म्हणत उतरलेली पोरं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. बहुतेक शियाच होती आणि शिया पक्षांच्याच सरकारविरुद्ध उभी होती. शेकडो मारली गेली. पंतप्रधान अब्दुल महदी गेले, वाटप राहिलं. पण इराकचं उद्याचं राजकारण कुणी उभं केलं तर तीच करतील, तुकडे पाडणारे नाहीत. २०२४ च्या जनगणनेत पंथ विचारलाच नाही, हेही मी दादाला आवर्जून सांगितलं.

मात्र जानेवारी २०२५ मध्ये संसदेने १९५९ चा, शिया-सुन्नी दोघांना एकच असलेला कुटुंबकायदा बदलला. आता लग्न करताना जाफरी, म्हणजे शिया पंथाचे, नियम निवडता येतात. शेजारच्या बाई त्या दिवशी फार अस्वस्थ होत्या. त्यांच्या आईवडिलांनी एकाच कायद्याखाली सह्या केल्या होत्या. आज त्यांना आधी ठरवावं लागलं असतं, कुणाच्या नियमाने.