तारीख-वेळेचा कोड लिहिणारा प्रोग्रामर सांगतो, ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणे!

चालणारच! भारतीय घड्याळ वर्षभर यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे; उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची, म्हणजे उन्हाळी वेळेची, भानगडच नाही. तिथे टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, झाल्या म्हणून रिलीज? न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटेचे अडीच वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो. आहे यासाठी एक तरी टेस्ट?

टेस्टसाठी झोन बदलायचा तर लिनक्सवर टीझेड या टाइम झोन ठरवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ टाकलं की झालं. विंडोजच्या सी लायब्ररीला, म्हणजे प्रोग्रामना वेळ वगैरे पुरवणाऱ्या तयार कोडला, हे नावच कळत नाही! मग टीझेडयूटिल या विंडोजच्या कमांडने अख्ख्या मशीनचा झोन बदला, म्हणजे शेजारी चालू असलेल्या टेस्टचंही घड्याळ फिरलं. वर त्याला नाव हवं ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’.

आणि ते अल्पाइन या छोटेखानी लिनक्सचं कंटेनर, म्हणजे प्रोग्राम सुटा चालवायचा डबा! त्यात टीझेडडेटा हे झोनच्या माहितीचं पॅकेज टाकायला विसरलात की एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप यूटीसी. साडेपाच तासांचा घोळ थेट ग्राहकाच्या बिलावर. ‘ईटीसी/जीएमटी-५’ हे झोनचं नाव म्हणजे यूटीसीच्या पाच तास पुढे, मागे नव्हे. हे उलटं चिन्ह कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

प्रशांत महासागरातल्या सामोआ देशाने तर 2011 साली 30 डिसेंबर हा दिवसच गाळला. आणि आपले लोक अजून खुशाल तारखेत 24 तास मिळवून ‘उद्या’ काढतात!