औषधांचा हिशेब घरच्या घरी

औषधशास्त्र शिकायला काही लोक उगाच वर्षे घालवतात. मी त्यातलीच. आमच्या भावोजींनी मात्र मोबाइलवर हाफ-लाइफबद्दल, म्हणजे अंगातले औषध निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळाबद्दल, चार ओळी वाचल्या आणि ते थेट तज्ज्ञ झाले. गेल्या आठवड्यात त्यांनी अख्खे जेवणभर मला हा विषय समजावला. मी पोटापाण्यासाठी तोच शिकवते, ही किरकोळ बाब. त्या ज्ञानाचा लाभ तुम्हालाही व्हावा म्हणून हा प्रपंच.

आधी गणित. हाफ-लाइफ ४ तास म्हणजे ४ तासांत निम्मे औषध गेले, पुढच्या ४ तासांत उरलेले निम्मे गेले, आठव्या तासाला पाटी कोरी. निम्म्याचे निम्मे पाव होते, पावाचे निम्मे साडेबारा टक्के, असल्या शाळकरी शंका काढू नका. पाच हाफ-लाइफ उलटल्या तरी तीनेक टक्के औषध उरतेच, असे पुस्तकात असते. पुस्तकांचे काय, पाने भरायची असतात.

वीस मिनिटांत डोके थांबले नाही तर पॅरासिटामॉलची दुसरी गोळी घ्या. हाफ-लाइफ जेमतेम २-३ तास, मग भीती कसली? सर्दीच्या नि अंगदुखीच्या गोळीतही तेच असते, पण ते इतक्या बारीक अक्षरांत छापतात त्या अर्थी महत्त्वाचे नसणार. डोस फार झाला की यकृतातला ग्लुटाथायोनचा, म्हणजे विष निकामी करणाऱ्या पदार्थाचा, साठा आटतो आणि पॅरासिटामॉलपासून बनलेला विषारी पदार्थ यकृताच्याच पेशी मारू लागतो. पहिल्या दिवशी बहुधा फारसे काही जाणवत नाही. म्हणजे सगळे ठीकच आहे की!

थायरॉइडची गोळी सुरू केलीत? आठव्या दिवशी रक्तातले टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारे संप्रेरक, तपासा आणि ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदला. त्या गोळीची हाफ-लाइफच साधारण ७ दिवसांची, पातळी स्थिरावायला महिना उलटतो, म्हणून ते सहा आठवडे थांबा म्हणतात, हे मनावर घेऊ नका.

अ‍ॅस्पिरिन २० मिनिटांत निम्मी होते. तेव्हा रोज घेत असलात तरी ऑपरेशनच्या आधी सर्जनला सांगायची गरज नाही. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स आठ-दहा दिवस, म्हणजे त्यांच्या जन्मभर, रुसून बसतात, तो त्यांचा प्रश्न.

दारूला तर हाफ-लाइफचा हिशेबच लागत नाही. एकच खिडकी उघडी असलेल्या तिकीटघरासारखे यकृत काम करते. रांग कितीही लांबो, तासाला तेवढीच माणसे पुढे सरकतात. मध्यरात्री रक्तात १०० मिलिलिटरला १५० मिलिग्रॅम असेल आणि तासाला १५ च्या आसपास उतरत असेल, तर सकाळी सहाला ६० उरते. तुम्ही मात्र ‘झोपलो, उतरली’ म्हणा आणि गाडी काढा.

आता झोपेची गोळी, भावोजींचा खास प्रांत. त्यांच्या वडिलांना, अण्णांना, झोप लागत नव्हती. कपाटात कोणासाठी तरी कधीतरी आणलेली डायझेपामची पट्टी होतीच. मग काय, रोज रात्री एक. ‘एकच हो! तीही सकाळपर्यंत उतरते.’ कुठे उतरते? विशीतल्या माणसात या औषधाची हाफ-लाइफ २० तासांच्या घरात असते, ऐंशीच्या पुढे ती ९० तासांपर्यंत जाते. वयाबरोबर अंगातल्या चरबीचे प्रमाण वाढते, औषध तिथे दडून बसते आणि सवडीने बाहेर येते. म्हणजे दुसऱ्या रात्री गोळी देताना आदल्या रात्रीच्या गोळीचे ८० टक्क्यांहून जास्त औषध अंगात असते. तिसऱ्या रात्री त्यावर आणखी एक. असे तीनेक आठवडे चालले की त्या म्हाताऱ्या शरीरात जवळपास सहा गोळ्या एका वेळी नांदत असतात. शिवाय डायझेपाम मोडून जो पदार्थ तयार होतो तोही गुंगी आणतो आणि त्याहून जास्त रेंगाळतो. अण्णांच्या शर्टाची बटणे एक-एक काजे सोडून लागत होती. एकच प्रश्न दोनदा विचारत होते. भर दुपारी बोलता बोलता मान कलत होती. घरचे म्हणाले, वय झाले. मग एका रात्री बाथरूमच्या दारात पडले, कपाळाला टाके पडले. आणि भावोजी मलाच विचारतात, “कालही एकच दिली होती, मग आजच कसे पडले?”

भावोजी, काल नाही हो, ते तीन आठवडे पडत होते! एवढा साधा गुणाकार तुम्हाला येत नाही आणि मला हाफ-लाइफ शिकवता? दुसऱ्याच्या नावाची गोळी ऐंशी वर्षांच्या माणसाला द्यायला तुम्हाला सांगितले कोणी? आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही हसू नका. तुमच्याही कपाटात तसली पट्टी असेल.

त्यावर भावोजींचा ताजा निर्णय: “मग आजपासून बंद!” अजिबात नाही. रोजची ठरलेली गोळी एकदम तोडली तर अस्वस्थपणा, थरथर, क्वचित झटकेही येऊ शकतात, आणि औषध सावकाश उतरत असल्याने हे सगळे काही दिवसांनी सुरू होते, तुम्ही निर्धास्त झाल्यावर. पट्टी उचला, अण्णांच्या डॉक्टरांकडे जा, आणि कधीपासून, किती दिली ते खरे सांगा. कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही.